लोण्यातलं औषध

न्याहारी झाली, मेंढरं वाघराच्या जाळीतून सुटली, तरी प्रांजल उठली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीला कुपवाडहून आलेली माझी नात, सात वर्षांची. आमच्या वस्तीवर आली की आमच्याआधी उठून कोकरांत जाऊन बसायची. या खेपेला मात्र दोन-तीन दिवस तिला उशिरा जाग येत होती. माझी बायको हरणाबाई म्हणाली होती, "शाळंचा शीण हाय पोरीला. झोपू द्या की." म्हणून त्या दिवशीही आम्ही हाक मारली नाही.

मी कोकरांना पाला टाकून परत आलो. ऊन दारातून आत येऊन पोरीच्या पायावर पडलं होतं. मी हाक मारली. खांदा हलवला. तिचं डोकं माझ्या हातावर कललं आणि तसंच राहिलं. बोटानं पापणी वर केली, तर डोळा उघडा असूनही माझ्याकडे बघत नव्हता. श्वास चालू होता, पण एक श्वास झाला की दुसरा लवकर येईना. तो येईपर्यंत मी माझाच श्वास धरून बसायचो.

"हरणे! हिकडं ये. पोर उठंना."

ती पिठाच्या हातानं धावत आली. "झटका आलाय व्हय?"

"झटका न्हाई. हात-पाय ढिलं पडल्यात. बघ."

तिनं पोरीचा हात उचलला आणि सोडला. तो ओल्या पटकुरासारखा खाली पडला. हरणाबाईनं माझ्याकडे बघितलं, मग वर फळीकडे बघितलं. फळीवर हळदीच्या डब्यामागं औषधाची लहान बाटली होती. मीही तिकडंच बघत होतो.

ती बाटली काय होती ते आधी सांगतो.

माझा मुलगा गुंडा कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर आहे. त्याची ही एकुलती पोर. वर्षाची असताना तिला ताप आला आणि तापात झटके आले. ताप गेला, झटके राहिले. दिवसाला किती यायचे ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. चालता चालता पोर दगडावर पडायची, तोंडाला फेस यायचा, कपाळाची खोक भरायच्या आत दुसरी पडायची. आम्ही कांदा फोडून नाकाला लावला, चप्पल हुंगवली, देवाला मेंढ्याचा नवस बोललो. गुंडानं सांगलीत मेंदूच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, बदलल्या, वाढवल्या. झटके थोडे कमी व्हायचे आणि पुन्हा यायचे. शाळेतले गुरुजी म्हणाले, घरीच ठेवा.

मग गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या जोडीला एक तेल सुरू केलं. गुंडा ते घेऊन पहिल्यांदा वस्तीवर आला, तेव्हा त्यानं दार ओढून घेतलं आणि मगच बाटली पिशवीतून काढली. हिरवट, चिकट तेल होतं. बाटलीवर एका पानाचं चित्र होतं. मला अक्षरं उशिरा आली, पण ते पान वाचायला अक्षरं लागत नव्हती.

"ह्यो तर गांजा हाय," मी म्हणालो.

"आबा, हळू बोला. झाड त्येच. पर ज्यानं चढती ते ह्यातनं काढल्यालं हाय म्हणं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. काही पोरांस्नी लागू पडतं, काहींना न्हाई. रगात तपासत ऱ्हायला लागतं, लिव्हरला त्रास हुतो का बघाय."

"आन् पोलीस?"

"चिठ्ठी हाय की. पर तुमी कुणाला सांगू नगा. लोकांस्नी कुठं कळतंय चिठ्ठी न् बिठ्ठी."

हे खरंच होतं. शेजारच्या गावात मक्यात लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटली होती, आणि मळ्याच्या म्हाताऱ्या मालकाला दोन्ही दंडांना धरून गाडीत घातलं होतं. त्याची सून रस्त्यावर लोळत होती. ते बघायला आमची सगळी वस्ती गेली होती.

तेल मात्र लागू पडलं. पहिले काही आठवडे काहीच दिसलं नाही. मग झटके विरळ झाले. श्रावणात आमची सून पल्लवी फोनवर रडत म्हणाली, "मामा, आज अख्खा दिवस गेला. एक बी न्हाई." पोर पुन्हा शाळेत बसली. दिवाळीला आली तेव्हा तिनं सगळ्या कोकरांना नावं दिली आणि दुसऱ्या दिवशी एकही नाव न विसरता हाका मारल्या. ज्या पोरीला सकाळचं संध्याकाळी आठवत नव्हतं, ती ही. मी त्या बाटलीला मनातल्या मनात हात जोडायचो. आणि तिला भ्यायचोही. घरात साप पाळल्यासारखी ती फळीवर होती.

या खेपेला गुंडा आणि पल्लवी पोरीला सोडून कामावर परत गेले. जाताना पल्लवीनं सासूला नीट दाखवलं होतं. सुई नसलेली सिरिंज, त्यावर काळी रेघ. "आत्याबाई, ह्या रेघंपतूर. सकाळी उठल्या उठल्या आन् संध्याकाळी. आन् झोपताना झटक्याची गोळी, नेहमीचीच. रेघंच्या वर न्हाई, खाली न्हाई."

हरणाबाईनं रेघ कधी ओलांडली नाही. हे मी शपथेवर सांगतो. तिच्यापेक्षा नेमानं ते कुणी दिलं नसतं. पण पोर पहिल्याच सकाळी ते थुंकली. कडू, आणि वास ठेचलेल्या पाल्याचा. दुसऱ्या वेळी दात आवळून बसली. आता अशक्त कोकराला कडू औषध कसं द्यायचं ते आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. लोण्याचा गोळा करायचा, त्यात औषध मुरवायचं आणि बोटानं टाळूला फासायचं. थुंकता येत नाही, चाटून चाटून गिळतं. पावसानंतरचं गवत चांगलं होतं, मेंढ्या नुकत्या व्यायल्या होत्या. मेंढीच्या दुधाचं लोणी म्हणजे बोटाला लागलं की सुटत नाही असं घट्ट. हरणाबाई तेच करू लागली. पोरीला ते इतकं आवडलं की औषधाची वेळ झाली की तोंड उघडून उभी राहायची.

"बघा," हरणाबाई मला म्हणायची, "तुमची सून शिकल्याली हाय, पर पोरीच्या त्वांडात औषिद घालाय माझंच बोट लागतंय."

मी हसायचो. लोण्यानं कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या सकाळी मात्र ती हसली नाही. फळीवरून बाटली घेऊन ती दाराकडे निघाली.

"कुठं चाललीस?"

"उकिरड्यात पुरती. दवाखान्यात न्हेयाचं म्हणजी इचारणार. काय सांगायचं? आवं, तुमाला धरून न्हेतील. गुंडाची नोकरी जाईल."

"आगं, पोर..."

"पोरीला न्हेऊया की! बाटली कशाला न्हेयाची?"

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि कोपरीच्या आतल्या खिशात घातली. टाकीन म्हणालो. का ठेवली ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. खिशात ती निखाऱ्यासारखी लागत होती.

शेजारच्या वस्तीवरच्या आप्पासोकडे पिकअप आहे. बाजाराला शेरडं नेतो. त्यानं मागच्या लेंड्याही न झाडता गाडी आणली. हरणाबाई पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसली, मी मागं उभा राहिलो आणि काचेतून पोरीच्या छातीकडे बघत राहिलो. रस्ता खडबडीत. गाडी हादरली की छाती हलायची, आणि ती श्वासानं हलली की खड्ड्यानं ते कळायचं नाही. मी काच वाजवून ओरडायचो, "हाय का?" हरणाबाई मान हलवायची.

आप्पासोला गप्प बसवत नाही. भीती वाटली की तो जास्तच बोलतो. "काय हुत न्हाई गं वैनी. माझी मेव्हणी असंच झोपली हुती, दुसऱ्या दिशी उठून भाकरी मागाय लागली. पोरं झोपत्यातच. मी शाळंत आख्खा दिस झोपायचो, मास्तर पाणी वतायचा." मग स्वतःच म्हणाला, "श्वास चालू हाय न्हवं?" आणि गाडी आणखी पळवली.

तालुक्याचा सरकारी दवाखाना. आत शिरलो तर बाकावर डोकं फुटलेला एक दारुडा आणि त्याला तपासणीला घेऊन आलेला हवालदार. खाकी दिसल्याबरोबर हरणाबाईनं माझा दंड धरला, तो सोडलाच नाही.

डॉक्टर तरुण होते, मिशा नुकत्या जाड झालेल्या. त्यांनी पोरीला टेबलावर घेतली, डोळ्यात बॅटरी मारली, छाती चोळली. पोरीनं कपाळाला एक आठी घातली आणि ती आठीही विरली. सिस्टरनं तिच्या बोटाला चिमटा लावला. वरच्या यंत्रावर आकडे आले. डॉक्टरांनी आकडे बघून लगेच नाकावर ऑक्सिजन लावायला सांगितलं, त्यावरून ते आकडे चांगले नाहीत एवढं मला कळलं.

"काय झालंय पोरीला? आधीचा आजार काही?"

"झटकं येत्यात," हरणाबाई म्हणाली.

"औषध?"

"झटक्याची गोळी. सांगलीच्या डॉक्टरनं दिल्याली."

"आणखी काही? फवारणीचं औषध घरात? कुठला पाला, काढा, देवरुषाचं काही?"

"न्हाई वं. काय बी न्हाई."

हवालदार दाराच्या चौकटीला टेकून आमच्याकडे बघत होता. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून बघत असेल. पण आम्हाला तो आमच्यासाठीच आल्यासारखा वाटत होता.

डॉक्टर सिस्टरकडे वळले. "फिटची पेशंट आहे आणि शुद्धीवर येत नाही, म्हणजे बाहेर दिसत नसली तरी मेंदूत फिट चालू असेल. इंजेक्शन भरा."

मी विचारलं, "त्यानं काय हुतं साहेब?"

"फिट थांबते. झोप लागते. बाजूला व्हा बाबा."

झोप लागते. पोर झोपेनंच बुडत चालली होती, आणि हे वरून आणखी झोप घालणार होते. सिस्टरनं इंजेक्शनच्या काचेच्या बाटलीचं टोक फोडलं. सुईनं औषध ओढून घेतलं. हरणाबाईची बोटं माझ्या दंडात रुतली. ती बोटं काय म्हणत होती ते मला कळत होतं. चाळीस वर्षांच्या वर संसार केलेल्या बाईची बोटं ती. बोलू नगा.

मक्यातला तो म्हातारा माझ्या डोळ्यापुढं आला, त्याचं पागोटं रस्त्यावर पडलेलं. गुंडाचा कारखाना आला. आणि टेबलावर पोरीची छाती खाली गेली आणि वर यायला वेळ लागला.

"थांबा," मी म्हणालो. "थांबा साहेब. ही खोटं बोलती."

हरणाबाईनं माझा दंड सोडला.

मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. "ह्ये बी चालू हाय. भांगंच्या पानाचं तेल. सांगलीच्या डॉक्टरनंच दिलंय. सकाळ-संध्याकाळ देतो आमी."

हवालदार दोन पावलं पुढं आला. त्यानं बाटली उचलली, झाकण उघडून वास घेतला, आणि हसला. "आयला! आजा नातीला गांजा पाजतोय. चिठ्ठी हाय का म्हाताऱ्या?"

"कुपवाडात हाय. पोराकडं."

"गांजा पळशीत आन् चिठ्ठी पंढरीत. नाव सांग."

"जोतीराम..."

"हवालदार, बाटली इकडं द्या," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मघासारखा नव्हता. "नाव-बीव नंतर. सिस्टर, इंजेक्शन बाजूला ठेवा. बाबा, तुमच्या पोराला फोन लावा."

गुंडाला यंत्राच्या आवाजात आधी ऐकूच येईना. मग ऐकू आलं. तो एकदाच म्हणाला, "श्वास?" मी म्हणालो, "हाय." डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला, गुंडाकडून सांगलीच्या बाईंचा नंबर मागितला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बोलायला लागले. मी दारातून त्यांचं तोंड बघत होतो. ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

परत आले तेव्हा म्हणाले, "ते तेल झटक्याच्या गोळीची ताकद वाढवतं. दोन्ही मिळून गुंगी येते. तीच जास्त झालेली दिसतेय. मॅडम म्हणाल्या, डोळ्यांनी झटका दिसल्याशिवाय इंजेक्शन द्यायचं नाही. दिलं असतं तर हा श्वास कदाचित राहिला नसता." सिस्टरच्या ताटलीत भरलेली सुई तशीच पडली होती. डॉक्टर पुढं म्हणाले, "एकशे आठची गाडी बोलावलीय. सांगलीला न्या. वाटेत ऑक्सिजन काढायचा नाही."

तेवढ्यात गुंडानं चिठ्ठीचा फोटो आप्पासोच्या फोनवर पाठवला. हवालदारानं तो बोटांनी मोठा करून वाचला. "मग धड सांगायचं न्हाई व्हय?" तो म्हणाला. आवाजातली चेष्टा गेली होती. "चिठ्ठी बाटलीसंगं ठिवत जा, बाबा. उद्या दुसरा कोन असला तर इतकं ऐकून घ्यायचा न्हाई." आणि दारुड्याला उठवून घेऊन गेला.

गाडी आटपाडीवरून, भिवघाट चढून, तासगावकडून गेली. तासगावच्या पुढं आल्यावर हरणाबाई म्हणाली, "मी रेघंच्या वर न्हाई दिलं. खंडोबाची आण. रेघंच्या वर एक थेंब न्हाई."

"म्हाइती हाय मला."

"मग कसं झालं?"

ते मलाही कळत नव्हतं. आणि कळत नव्हतं म्हणूनच भीती जास्त होती. रेघ चुकली असती तर चूक तरी सापडली असती.

सांगलीत डॉक्टरीणबाईंनी पोरीला काचेच्या खोलीत घेतलं. गुंडा आणि पल्लवी आधीच दारात उभे होते. गुंडाच्या कपड्यांना लोखंडाचा कीस चिकटलेला होता. त्यानं आईकडे बघितलं, आणि तिथंच, लोकांत, ओरडला, "काय केलंस आये? रेघ दिसत न्हाई तुला?"

"दिसती रं बाबा."

"मग?"

पल्लवी मध्ये पडली. "आवं, ओरडू नगा. आत्याबाई, कसं देत हुता सांगा. मी देते तसंच?"

"तसंच की. रेघंपतूर. लोण्यात."

डॉक्टरीणबाई काचेच्या खोलीतून बाहेर येत होत्या, त्या तिथंच थांबल्या. "कशात?"

हरणाबाईनं बोट पुढं करून दाखवलं, कसं फासायचं ते. "आमच्या मेंढीचं. ताजं. दोन्ही वक्ताला."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजी, हे तेल स्निग्ध पदार्थाबरोबर दिलं तर अंगात कितीतरी पट जास्त शोषलं जातं. रिकाम्या पोटी जेवढं रक्तात उतरतं, त्याच्या तिप्पट-चौपटसुद्धा. रेघ तुम्ही पाळलीत. पण पोरीला मिळत होतं ते कितीतरी जास्त. आणि ते रोज साठत गेलं. म्हणून मी सांगितलं होतं, रोज एकाच पद्धतीनं द्या." त्यांनी पल्लवीकडे बघितलं.

"मी रोज उपाशीपोटीच देत हुते," पल्लवी हळू म्हणाली. "लोण्यात कोण देईल आसं माझ्या ध्येनातच आलं न्हाई."

"वाचंल का ती?" मी विचारलं.

"श्वास टिकवून धरलाय. याला उतारा नाही, उतरेपर्यंत सांभाळायचं. लिव्हरच्या तपासणीचं रक्त घेतलंय. आज काही सांगत नाही."

आज काही सांगत नाही. ते वाक्य घेऊन आम्ही तिघं बाकावर बसलो. हरणाबाई आमच्यापासून लांब, भिंतीला टेकून खाली बसली. तिनं उजवा हात पदरात गुंडाळून घेतला होता. कुणी चहा दिला तर डाव्या हातानं घेतला.

दिवे लागायच्या वेळेला पोरीनं डोळे उघडले. आधी कुणालाच ओळखलं नाही. माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. पल्लवीनं विचारलं, "ह्ये कोण हाय?" पोर बराच वेळ बघत राहिली. त्या वेळात माझं काय झालं ते मला सांगता येणार नाही. मग जड जिभेनं म्हणाली, "आबा. मिशीवाला." गुंडा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इथं ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण बाईंनी तेल थांबवलं होतं, आणि झटक्याची गोळीही कमी केली होती. एक दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर खाटेवर बसून केळ खात असताना तिचे डोळे वर गेले. केळ हातात चिरडलं. अंग ताठ झालं आणि हिसके बसायला लागले. मध्ये बरेच महिने आम्ही ते बघितलं नव्हतं. रोज बघायचो तेव्हा मन निबर झालं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून बघावं लागलं. तो झटका थांबला, आणि संध्याकाळच्या आत दुसरा आला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेल पुन्हा सुरू करते. कमी करून. रेघ नवी, खालची. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. रक्त दर आठवड्याला."

गुंडा म्हणाला, "नगं मॅडम. ती बाटली नगं. आमी झटकं सोसू."

"तुम्ही सोसाल. तिला सोसतील? एखादा झटका थांबलाच नाही तर?"

"आन् पुन्यांदा उठली न्हाई तर?"

"तशी भीती मलाही आहे," बाई म्हणाल्या. "औषध चांगलं आहे म्हणून बिनधास्त द्या असं मी म्हणणार नाही. ते काम करतं म्हणूनच त्याला जपायचं. पण बंद करणंही धोक्याचंच आहे, ते आज तुम्ही बघितलं. इथं माझ्या डोळ्यांसमोर सुरू करू. ठरवा."

त्या गेल्या. गुंडा मला म्हणाला, "आबा, तुमी बोला." एका बाजूला ती खोल झोप आणि दुसऱ्या बाजूला ते हिसके, आणि मधल्या पायवाटेवर सात वर्षांची पोर. पल्लवीच म्हणाली, "द्यायचं." एवढंच. मग रडली.

दुसऱ्या सकाळी सिस्टर नवीन रेघेची सिरिंज घेऊन आली. पोरीनं वास ओळखला. दात आवळले. सिस्टरनं गाल दाबला, तर तेल हनुवटीवरून उशीवर गेलं. सिस्टरनं सिरिंज पुन्हा रेघेपर्यंत भरली, पल्लवीनं ती घेतली, तर पोरीनं तिचा हात ढकलून दिला. पोर ओरडायला लागली, "आजी देती! आजीच्या हातचं! लोणी!"

हरणाबाई व्हरांड्यात होती. मी जाऊन म्हणालो, "चल. तुझ्या हातचंच पायजे तिला."

"ह्या हातानं?" तिनं पदर घट्ट धरला. "मला नगा सांगू. मी मारत हुते तिला. रोज, लाडानं. ती त्वांड उघडून उभी ऱ्हायाची, आन् मी..."

"तुला माहीत न्हवतं. मला बी न्हवतं. मी बघत हुतो न्हवं? मला तरी कुठं कळलं?"

"तुमी मला दवाखान्यात खोटी पाडलीसा."

"पाडली."

"बरं केलंत," ती म्हणाली. "पर जलमभर बोलून दावीन."

"दाव. आदी पोरीला औषिद दे."

ती आत आली. हात दोनदा साबणानं धुतले, जणू त्याला अजून लोणी लागलेलं होतं. सिरिंज खिडकीपाशी उजेडात धरून रेघ बघितली, मला बघायला लावली, गुंडाला बघायला लावली, शेवटी सिस्टरलाही. मग पोरीच्या पुढ्यात बसली.

"आजे, लोणी?"

"न्हाई, माझे बाई. लोणी न्हाई."

"मग मी न्हाई घेणार."

"नगं घिऊ. पर लोणी मिळायचं न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, कवाच न्हाई ह्याच्यासंगं."

पोरीनं आजीच्या तोंडाकडे बघितलं. आजी तिला पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हणत होती. पोरीला रडू आलं, आणि रडताना तोंड उघडलं, आणि हरणाबाईनं गालाच्या आत थोडं थोडं करून सगळं घातलं. वर पाणी पाजलं. पोर शहारली, जीभ बाहेर काढून बसली, पण थुंकली नाही.

दुपारी जेवण झालं आणि पोरीला झोप यायला लागली. इतके दिवस आजारी असलेलं पोर, दुपारी झोपणारच. पण तिच्या पापण्या मिटायला लागल्या तसे आम्ही चौघंही उठून उभे राहिलो. पल्लवीनं गाल थोपटला. गुंडानं नाव विचारलं. मी कोकरांची नावं विचारली. हरणाबाईनं पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला. सिस्टर दारातून म्हणाली, "आवं, झोपू द्या तिला! मशीन लावलंय की बोटाला." आम्ही मान हलवली आणि ती गेल्यावर पुन्हा हाका मारल्या.

शेवटी पोरीनं डोळे न उघडताच माझ्या हातावर चापट मारली. "गप की आबा," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून झोपली.

मग आम्ही तिला हात लावला नाही. पण कुणी चहालाही गेलं नाही. बोटाला लावलेल्या मशीनचे आकडे कमी-जास्त होत होते. त्यांचा अर्थ आम्हाला कळत नव्हता, तरी आम्ही चौघंही त्यांच्याकडेच बघत बसलो.